'घरबसल्या संशोधका'चं उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा 'घरबसल्या संशोधक' या शब्दांपाशीच अडलो. फाटलेल्या स्नायूसाठी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्यायला पुरेसा आधार नाही, एवढंच मी लेखात म्हटलं होतं. त्यावर, ते घेऊन तुमच्या धावपटू मित्राचा पाय बरा झाला असा दाखला देत, तुम्ही लेखाएवढंच लिहिलंत आणि त्यातलं निम्मं माझ्या लायकीबद्दल. मतभेद असू देत की, पण ही भाषा कशाला?

एक चूक कबूल. 'जंतू नसतील तर अँटिबायोटिकला कामच नाही' हे वाक्य मी सैल लिहिलं. डॉक्सीसायक्लिन एमएमपी नावाच्या, कोलॅजन (शरीराच्या बांधणीतलं प्रथिन) तोडणाऱ्या एन्झाइमांनाही आवर घालतं. हिरड्यांच्या आजारात 20 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात ती त्यासाठीच. जंतूंवर परिणाम व्हावा इतकी ती मात्रा नसते. वाक्य दुरुस्त केलंय. हेच तुम्ही नीट शब्दांत सांगितलं असतंत तर आभार मानले असते. (मानतो. झालं?)

आता तुमचं ते वाक्य: 'माणसांवर अभ्यास झाला नाही म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही.' अहो, निरुपयोगी म्हटलंय कुणी? पुरावा कच्चा आहे म्हटलं. दोन्हींत फरक आहे आणि सगळा लेख त्या फरकावरच उभा आहे.

उंदरांत एमएमपी दाबल्यावर बरं दिसलं, म्हणून माणसात दिसेलच असं नाही. पोटातल्या महाधमनीला येणाऱ्या फुगवट्याचं बघा. तिथेही हीच एन्झाइमं, तिथेही प्राण्यांत छान निकाल. मग रुग्णांना 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अशी दोन वर्षं गोळी दिली. 2020 मध्ये निष्कर्ष आला: फुगवटा वाढायचा तेवढा वाढलाच, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांसारखाच. गुडघ्याच्या झिजेवर 431 स्थूल स्त्रियांत 30 महिने तपासली, काहींना ही गोळी, काहींना प्लासिबो. 2005 चा तो अभ्यास. गोळी घेणाऱ्यांच्या एक्स-रेमध्ये सांध्यातली फट कमी वेगाने अरुंद झाली, दुखणं मात्र तसंच. एक्स-रे दुखत नाही, माणूस दुखतो.

शिवाय स्नायू सांधताना एमएमपी म्हणजे नुसती नासधूस नव्हे. जुना राडारोडा हलवून नव्या पेशींना वाट करून देणं हेही त्यांचंच काम. मग त्यांना दाबायचं कधी, सोडायचं कधी? प्रयोगशाळेत जखम किती वाजता केली ते वहीत लिहिलेलं असतं. धावताना मांडीत चमक भरते तेव्हा तसं नसतं.

आणि 'ज्याचं जळतं त्याला कळतं' हे मला सांगू नका. माझा मांडीमागचा स्नायू दोनदा फाटलाय. पहिल्या वेळी एका डॉक्टरांनी 'सूज लवकर उतरेल' म्हणून अँटिबायोटिक दिलं. तीन आठवड्यांत मी न लंगडता चालू लागलो. दुसऱ्या वेळी काहीच घेतलं नाही, तरी तेच तीन आठवडे. दोन वेळा म्हणजे अभ्यास नव्हे, हे तुम्ही लिहिण्याआधी मीच लिहितो. पण तुमच्या धावपटू मित्राचा पाय पुरावा होत असेल, तर माझ्या पायाने काय घोडं मारलंय?

बाकीचं थोडक्यात. 'स्वस्त औषधात कंपन्यांना रस नसतो': असेल, पण त्याने पुरावा तयार होत नाही. तुम्ही दिलेल्या तीन दुव्यांपैकी दोन कंडरांवरचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांवरचे) आहेत, स्नायूवरचे नाहीत. तिसरा उघडत नाही. आणि 'घेऊन बघायला काय जातं?' पुरेसं पाणी न पिता गिळली तर याच गोळीने अन्ननलिकेला जखम होते, उन्हात कातडी भाजते. विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकला जंतू सरावतात ते वेगळंच.

पुन्हा लिहाल तेव्हा माझ्या पदव्यांची चौकशी गाळा. मित्राने गोळी किती दिवस घेतली आणि दुखापतीनंतर कितव्या दिवशी सुरू केली, तेवढं कळवा. एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत ते कुठेच नाही.