‘असिंक लावलं की पेज हँग होत नाही’ हे साफ खोटं आहे

गेल्या रविवारी भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवलं. निळ्या पार्श्वभूमीवर पाच मुद्दे आणि वर मथळा: ‘जावास्क्रिप्टचं असिंक दोन मिनिटांत. इंटरव्ह्यूला हेच सांगा.’ (जावास्क्रिप्ट म्हणजे वेबपेज चालवणारी प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि असिंक म्हणजे वाट पाहावी लागणारं काम बाकीचं न अडवता करायची तिची सोय.) खाली तिचा प्रश्न होता, “मावशी, यात लिहिलंय तसंच केलं, तरी पेज हँग होतंय. माझं काय चुकतंय?”

चुकत तिचं नव्हतं, चित्राचं होतं. हेच चित्र मला त्याआधी दोन ग्रुपवर येऊन गेलं होतं, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पण कँपस इंटरव्ह्यू तोंडावर असलेली मुलगी ते पाठ करून बसली आहे म्हटल्यावर गप्प बसवेना.

चित्रातले पाच दावे असे. असिंक लिहिलेलं फंक्शन वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या वेगळ्या धाग्यावर चालतं, म्हणून पेज हँग होत नाही. सेटटाइमआउटला, म्हणजे काम ठरावीक वेळाने करायला लावणाऱ्या टायमरला, शून्य दिलं की काम लगेच होतं. प्रॉमिस (पुढे मिळणाऱ्या उत्तराची हमी) आधी की सेटटाइमआउट आधी, हे नक्की सांगता येत नाही. अवेट (‘उत्तर येईपर्यंत थांब’ सांगणारा शब्द) आला की सगळा प्रोग्रॅम थांबतो. आणि सगळी कामं एकाच रांगेत, आलेल्या क्रमाने होतात. यातला पहिला आणि चौथा दावा एकमेकांना छेद देतात, हे तरी बनवणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्याने केलंय, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलते.

भाचीने गावच्या दूध संस्थेसाठी एक पेज बनवलं आहे. चारशे सभासद, दिवसातून दोन वेळा दूध, म्हणजे वर्षाच्या २,९२,००० नोंदी. प्रत्येक नोंदीसाठी सभासद शोधायचा, फॅट आणि एसएनएफवरून (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दरपत्रकातला दर काढायचा आणि बेरीज करायची. तिच्या जुन्या लॅपटॉपवर याला सात-आठ सेकंद लागतात. (ते शोधणं मॅप, म्हणजे क्रमांकावरून थेट नोंद काढणारी रचना, वापरून बरंच हलकं होईल. तेही तिला सांगितलं, पण इथला मुद्दा तो नाही.) वर टक्केवारीचा आकडा, शेजारी ‘थांबा’ बटण. फाइल दिली की आकडा शून्यावर गोठायचा, बटण कितीही दाबलं तरी हलायचं नाही आणि आठ सेकंदांनी एकदम १०० दिसायचं. फंक्शनच्या आधी असिंक लिहिलेलं होतं.

असिंक या शब्दाने कुठलाही थ्रेड तयार होत नाही. ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे कोड लिहून लगेच चालवायची जागा, उघडून बघा. ‘एक’ छापा, मग असं असिंक फंक्शन बोलवा जे आत ‘दोन’ छापतं, मग ‘तीन’ छापा. उत्तर एक, दोन, तीन असंच येतं. २०१७ च्या एक्मास्क्रिप्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात, असिंक फंक्शन आली तेव्हापासून नियम हाच आहे: पहिला अवेट येईपर्यंत ते साध्या फंक्शनसारखंच, बोलावणाऱ्याला अडवून चालतं. तिच्या फंक्शनमध्ये एकही अवेट नव्हता. म्हणजे तो शब्द असून नसून सारखाच.

मग तिने लूपच्या आत, प्रत्येक नोंदीनंतर एक अवेट टाकला. तरी पेज गोठलेलंच! इथे तिचा धीर सुटला आणि चित्रातला खरा खोटेपणाही इथेच उघडा पडतो.

याचं उत्तर एचटीएमएल स्टँडर्डमधल्या (ब्राउझरने कसं वागायचं ते ठरवणारं मानक) इव्हेंट लूपच्या, म्हणजे ब्राउझर कामं कशी उचलतो त्या चक्राच्या, प्रकरणात स्पष्ट लिहिलेलं आहे. सेटटाइमआउट जावास्क्रिप्ट भाषेचा भागच नाही, तो या स्टँडर्डमधून येतो, म्हणून वाचायचं तर हेच वाचावं. ब्राउझर एक टास्क उचलतो, म्हणजे एखादी क्लिक किंवा वेळ भरलेला टायमर, आणि तो शेवटपर्यंत चालवतो. कॉल स्टॅक (चालू असलेल्या फंक्शनची चळत) रिकामा झाला की मायक्रोटास्कची, म्हणजे टास्क संपताच करायच्या छोट्या कामांची, रांग पूर्ण रिकामी करतो. रिकामी करता करता नवे मायक्रोटास्क आले तर तेही त्याच दमात संपवतो. त्यानंतरच पडदा पुन्हा रंगवायची किंवा पुढची क्लिक ऐकायची संधी येते.

अवेटनंतरचा उरलेला भाग मायक्रोटास्क म्हणूनच परत येतो. हातात तयार असलेल्या किमतीवर अवेट केला, की तो भाग लगेच त्या रांगेत लागतो. म्हणजे तिचे २,९२,००० अवेट एकामागून एक त्याच रांगेत शिरत होते आणि रांग संपल्याशिवाय ब्राउझर ‘थांबा’ बटणाकडे वळणारच नव्हता. थ्रेड एकच, फक्त काम तुकड्यांत. पटत नसेल तर स्वतःलाच पुन्हा बोलावणारी प्रॉमिसची साखळी लिहून बघा. टॅब कायमचा गोठतो. तीच साखळी सेटटाइमआउटने लिहा, पेज व्यवस्थित चालतं.

यात अर्धसत्य आहे, तेवढं मान्य करते. ब्राउझर स्वतः अनेक थ्रेडवर चालतो. फेच केलं, म्हणजे सर्व्हरकडे डेटा मागितला, की सर्व्हरच्या उत्तराची वाट जावास्क्रिप्टच्या बाहेर पाहिली जाते, आणि तेवढ्या वेळात तुमचं पेज मोकळं असतं. नोडमध्येही (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) फाइल वाचण्यासाठी लिबयूव्ही या त्याच्या लायब्ररीचा थ्रेडपूल, म्हणजे थ्रेडचा तयार संच असतो, आपण बदल केला नाही तर चार थ्रेडचा. पण ही सोय वाट पाहण्याच्या कामांना आहे. आलेल्या उत्तरावर तुम्ही जी आकडेमोड लिहिली, ती पुन्हा त्याच एका थ्रेडवर येते. चित्र बनवणाऱ्याने वाट पाहणं आणि काम करणं यांत फरकच केला नाही.

सेटटाइमआउट शून्यचा दावाही तिला भोवला असता. दिलेला आकडा ‘किमान इतका वेळ’ असा असतो. आधीचं काम आठ सेकंद चाललं तर शून्याचा टायमरही आठ सेकंद ताटकळतो. शिवाय टायमरच्या आत टायमर असं पाच पातळ्यांच्या पुढे गेलं की स्टँडर्डनुसार किमान ४ मिलिसेकंद लागतात. तिने दर नोंदीला सेटटाइमआउट लावला असता तर २,९२,००० गुणिले ४, म्हणजे साडेएकोणीस मिनिटं नुसती वाट बघण्यात गेली असती. हजार-हजारच्या गठ्ठ्यांत केलं तर २९२ फेऱ्या, म्हणजे ती वाट सव्वा सेकंदाच्या आत.

प्रॉमिस आणि सेटटाइमआउट यांचा क्रम ठरलेला नाही? एकाच टास्कमधून आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसचं देन (त्यानंतर करायचं काम) आणि शून्याचा सेटटाइमआउट लावा. आधी प्रॉमिसच येणार, कारण मायक्रोटास्कची रांग पुढच्या टास्कच्या आधी रिकामी होते. २०१५ च्या सुमारास, प्रॉमिस नवे होते तेव्हा, काही ब्राउझर इथे चुकत असत, हे खरं. त्या जुन्या चुकांवर आजच्या इंटरव्ह्यूचं उत्तर बेतायचं नसतं.

अवेट फक्त ज्या फंक्शनमध्ये लिहिलाय तेवढंच थांबवतो, बोलावणारा पुढे जातो. वरच्याच प्रयोगात ‘दोन’च्या आधी अवेट टाका, एक, तीन, दोन असं छापलं जाईल. आणि रांग एकच नाही. टास्कच्या अनेक रांगा असू शकतात, आणि पुढचा टास्क कुठल्या रांगेतून घ्यायचा हे ठरवायची मुभा स्टँडर्ड ब्राउझरला देतं, म्हणून टायमर बाजूला ठेवून आधी माऊस आणि कीबोर्डकडे बघता येतं. मायक्रोटास्कची रांग या सगळ्यांपेक्षा वेगळी.

खरोखर वेगळा थ्रेड हवा असेल तर तो हाताने मागावा लागतो. ब्राउझरमध्ये वेब वर्कर, नोडमध्ये वर्कर थ्रेड. वर्करला पेजवरच्या घटकांना हात लावता येत नाही, निरोप पाठवून बोलावं लागतं, आणि निरोपातल्या डेटाची साधारणपणे प्रत होते. म्हणून तिला म्हटलं, “अगं, सगळ्या नोंदी पाठवत बसू नकोस. फाइलच वर्करकडे दे, त्याला वाचू दे, आणि परत फक्त टक्केवारी आणि बेरजा माग.”

काल रात्री तिने फोन केला. टक्केवारी सरकत होती. ३७ वर असताना तिने ‘थांबा’ दाबलं, वर्कर बंद झाला आणि आकडा तिथेच थांबला. “मावशी, आता या अर्धवट बेरजा दाखवायच्या की पुसून टाकायच्या?” मी पुसायला सांगितलं. सभासदाच्या हातात अर्धं बिल जायला नको.