घड्याळ साखर मोजत नाही: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘दोन हजारांचं स्मार्टवॉच घ्या, हिरव्या दिव्यावर साखर कळते, बोट टोचायला नको.’ हे खरं नाही.

हिरवा दिवा नाडी मोजतो. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा उजेड बदलतो. त्यात साखर दिसत नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं की, न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही. गोंधळ कुठून झाला असेल, तर दंडाला चिकटवायच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरमुळे. त्याची बारीक तार कातडीखाली असते. घड्याळ फक्त त्याचा आकडा दाखवतं.

मी असलंच एक स्वस्त घड्याळ घरातल्या लाटण्याला बांधलं. बीपी आलं 118/76! लाटण्याला कुठलं बीपी? स्पर्धा एवढी आहे की खोक्यावर एक चिन्ह जास्त छापलं की माल खपतो. उलट सॅमसंगच्या घड्याळाला बीपीसाठी दर 28 दिवसांनी दंडाच्या मशीनशी आकडा जुळवून घ्यावा लागतो, आणि ह्वावे कंपनीने बीपीसाठी आपल्या ‘वॉच डी’ घड्याळाच्या पट्ट्यातच हवेची पिशवी बसवली.

पावलं, नाडी यासाठी साधा बँडही चालतो. पण आपल्या आई-अण्णांच्या इन्सुलिनचा डोस अशा घड्याळातल्या साखरेच्या आकड्यावर कृपा करून ठरवू नका. ग्लुकोमीटर घरात ठेवा, आणि तो मेसेज आला तर हा खुलासा त्याच ग्रुपवर टाका.