ओलेव्हानोची ती राई

रोमजवळच्या ओलेव्हानो रोमानो या डोंगरी गावात एकोणिसाव्या शतकात येणारे जर्मन चित्रकार म्हणजे हवा खायला आलेली हौशी मंडळी, असं चित्र या लेखातून उभं राहतं. ते मला अजिबात पटलं नाही. रोमचा उकाडा आणि मलेरिया चुकवायला ते डोंगरात यायचे, कासा बाल्दी नावाच्या तिथल्या सराईत उतरायचे, हे खरंच. पण त्यांच्यातला चित्रकार योझेफ आंटोन कॉख तर गावचा जावईच झाला! आणि गावाजवळच्या सेर्पेंतारा या राईतले ओक रेल्वेच्या स्लीपरांसाठी तोडणार म्हटल्यावर १८७३ मध्ये चित्रकारांनी वर्गणी काढून ती अख्खी राईच विकत घेतली. खडकांतून वर आलेली वाकडीतिकडी झाडं, कितीजणांनी कागदावर उतरवलेली! आजही तिथे बर्लिनच्या कला अकादमीचे कलावंत राहायला येतात. लेखकाने वर्गणीची हकिकत कृपया लेखात जोडावी.