भडका केला म्हणजे स्मोकर साफ झाला?

टेक्सासमधल्या आपल्या मंडळींत स्मोकरबद्दल, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायच्या भट्टीबद्दल, एक निरोप फिरतोय: ‘जुना घरगुती स्मोकर मिळाला? घासत बसू नका. लाकडं भरून एकदा जोरदार भडका करा, रंग-गंज-घाण सगळं जळून जातं. आतला काळा थर म्हणजेच चव, त्याला हात लावू नका. आणि धूर जितका दाट, तितकं मांस रुचकर.’ घराबरोबर परसात आलेला, कुणीतरी तेलाच्या ड्रमपासून जोडलेला स्मोकर मी नुकताच दुरुस्त केलाय, म्हणून हे लिहितो.

भडक्याने साचलेली चरबी जळते, हे खरं. पण गंज म्हणजे आधीच हवेने ‘जळलेलं’ लोखंड. ते पुन्हा काय जळणार? तो तारेच्या ब्रशनेच निघतो. माझ्या फायरबॉक्सचा, म्हणजे लाकडं जळतात त्या कप्प्याचा, तळ हातोडीने ठोकला, तर ठणठण वाजायच्या जागी भद्द आवाज आला आणि हातोडी आत गेली. तिथे नवा पत्रा वेल्ड करावा लागला.

रंगाचं प्रकरण जास्त गंभीर. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली; त्याआधीचा रंग असेल तर शिसं जळून नाहीसं होत नाही, राखेत आणि धुरात उतरतं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही तसाच. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, मांस शिजतं ११०-१३५ अंशांना, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण फायरबॉक्समध्ये भडका उडाला की जस्ताचा पांढरा धूर निघू शकतो. वेल्डरांना हुडहुडी भरून ताप येतो तो याच धुराने. म्हणजे निरोपातला उपायच रोग.

मांस ठेवायला माझ्या स्मोकरमध्ये जुन्या फ्रिजची जाळी बसवली होती. तशा काही जाळ्यांवर कॅडमियम या विषारी धातूचा मुलामा असे. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. जाळी सरळ भंगारात टाकली, स्टेनलेसची आणली.

काळ्या थराबद्दल अर्धं खरं आहे. बिडाच्या तव्यावर चढतो तसा पातळ, गुळगुळीत, घट्ट थर राहू द्यावा. नखाने पोपडा सुटत असेल तर ती काजळी आणि डांबरट राळ. ती मांसावर गळते. खरवडा, मग खायच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून दोन-तीन तास तापवा.

आणि दाट धूर? चूल पेटवताना ओल्या लाकडाने डोळे चुरचुरले असतील, तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. वाळलेल्या पोस्ट ओकचा (टेक्सासमधलं ओक जातीचं लाकूड) निळसर, जेमतेम दिसणारा धूर हवा. माझी पहिली कोंबडी दाट, पांढऱ्या धुरात शिजली. कुत्र्यानेही हुंगून सोडली.