ब्लोअर चालू होता का, तेवढं सांगा

सकाळी फेसबुक उघडलं तर पहिलाच फोटो तळोज्याच्या कासाडी नदीच्या काठावरचा. पन्नासेक माणसं, एकसारखे पांढरे टी-शर्ट, हातात रबरी मोजे, मध्ये बाटल्यांचा ढीग. 'चला, नदी वाचवू या.' अरे, कासाडी काय बाटल्यांनी मेली? चहा तसाच राहिला माझा.

मी ११ वर्षं ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करतात तिथे, शिफ्टा केल्यात. कारखान्याचं नाव सांगत नाही, विचारू नका. पहिल्याच नाइटला तात्यांनी (आमचे सीनियर ऑपरेटर) हातात एक लिटरचा सिलिंडर दिला. एरेशन टँकमधलं (जिवाणूंची टाकी, ब्लोअर तिच्यात हवा सोडतो) पाणी भर, अर्धा तास हलवू नकोस. गाळ ३०० च्या खुणेपर्यंत बसला, वर नितळ पाणी. म्हणाले, "गुरं बांधलीत रे आपण टाकीत. खायला मिळतंय, हवा मिळतेय, खूश आहेत. ब्लोअर बंद पडला तर गुदमरतील."

एवढंच आहे हो ते शास्त्र. आम्लाचं पाणी चुन्याने उदासीन करा, गाळ बसवा, उरलेलं जिवाणूंना खाऊ घाला. सीओडी आणि बीओडी म्हणजे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल त्याची मापं; लिटरमागे सीओडी २५० मिलिग्रॅमच्या आत, बीओडी ३०च्या आत आणून नदीत सोडायचं. खाली बसलेला रासायनिक गाळ घातक कचरा म्हणून ९० दिवसांच्या आत तळोज्याच्या लँडफिलला पाठवायचा. यात न जमण्यासारखं काय आहे? ब्लोअर वीज खातो, हेच दुखणं.

आमच्याकडे दिवाळीत चार दिवस कारखाना बंद होता. कुणीतरी हुशारी केली, ब्लोअरही बंद. आलो तर टाकी काळीकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास. तात्यांनी सिलिंडर भरला. अर्धा तास झाला, तास झाला, काही बसेना. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

मग नवे जिवाणू वाढवायला टेम्पो भरून शेण आणलं. गूळ, युरिया, डीएपी. टाकी परत जिवंत व्हायला तीन आठवडे लागले. प्रॉडक्शन मात्र एक दिवस थांबलं नाही, डिस्पॅच होता ना! पाणी कुठे गेलं, हे टी-शर्टवाल्यांनी विचारावं.

हो, शहरांचं मैलापाणी कारखान्यांपेक्षा जास्त आहे, माहितीये. छोट्या युनिटला स्वतःचा प्लांट परवडत नाही, म्हणून सीईटीपी (सगळ्यांचा मिळून एक ईटीपी) आले, तेही मान्य. माझ्या मुलीची फी त्याच पगारातून गेली. झालं?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने कुत्री निळी झाली तेव्हा जगभर फोटो फिरले. नदीचा रंग बदलला की फोटो काढायला कुणी येत नाही. बाहेर सोडलेलं पाणी तपासायला ऑनलाइन मीटर बसवलेत म्हणे आता. छान. सेन्सर आउटलेटमध्ये आहे की स्वच्छ पाण्याच्या बादलीत, ते रात्री दोनला जाऊन बघा. टी-शर्ट घालूनच जा.

जाऊ दे. एवढं चिडायचा मला हक्क आहे का, हेही कळत नाही. कारण त्या तीन आठवड्यांत बायपासचा व्हॉल्व्ह (पाणी शुद्ध न करताच बाहेर सोडणारा) उघडायला तात्यांनी नकार दिला होता. मग साहेबांनी मला सांगितलं. मी नवीन होतो, कायम व्हायचं होतं. उघडला.

सकाळी शिफ्ट संपवून निघालो तर नाल्यावर एक मावशी म्हैस धुवायला आलेल्या. पाण्याकडे बघत विचारलं, आज पाणी असं का रे बाबा?

म्हटलं, वरती पाऊस झाला असेल.

नोव्हेंबरात.