यंत्र आधी पोळ्यात उभं करा

राजेहो, सायकलच्या चाकाच्या, तण काढायच्या डवऱ्याला तुम्ही अशी कळ बसवली की कंबर न वाकवता, पाना न लावता त्याची पास, म्हणजे तण कापणारं पातं, वर-खाली होते. शाब्बास! आता पेटंटचा अर्ज होईपर्यंत ते घरात झाकून ठेवू नका. पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्यांशेजारी उभं करा. झडत्यांची गाणी संपली की चालवून दाखवा, व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाका. कॅमेरा कळीच्या अगदी जवळ न्या, नाहीतर तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याला खाचा मोजायला त्रास होतो.

अर्जाआधी जगजाहीर झालेली वस्तू पेटंट कायद्याच्या लेखी नवी राहत नाही, असं कोणी म्हणेल. त्याला प्रदर्शनाची १२ महिन्यांची सवलत ऐकवा. ती फक्त सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला लागू आहे, एवढं तेवढं बोलू नका. आपल्या कृषी मेळाव्याला आमदार आले होते, आणखी काय पाहिजे?

आधी कोणी केलंय का, तेही शोधू नका. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'इनपास' नावाची सोय फुकट आहे, पण तिथे गेलं की भाऊबंद निघण्याची भीती. सायकल डवरा विदर्भात जुनाच. नवी असलीच तर तुमची कळ. तरी पेटंट अख्ख्या डवऱ्याचंच मागा, त्यात रुबाब आहे.

अर्ज मराठीत लिहा आणि परत आला की अस्मितेचा प्रश्न करा, कारण तिथे फक्त हिंदी किंवा इंग्रजी चालते. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या अर्जाला ऑनलाइन १,६०० रुपये लागतात, तेवढ्यात तारीख तुमच्या नावावर लागते. त्यात 'सुधारित डवरा' एवढंच लिहा. जे लिहिलंच नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. पण लिहिताना हात दुखतो त्याचं काय? पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा असतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. तूर निघाली की बघू म्हणा. मग कापूस आहे, लगीनसराई आहे, मृग आहे.

खरी कमाल दाव्यांत करा, म्हणजे क्लेममध्ये. पेटंटचा बांध तिथेच पडतो. 'लाल रंगाचा, २६ इंची चाकाचा, सहा खाचांचा डवरा' असं लिहिलं की शेजारी २४ इंची चाक लावून सात खाचा पाडतो आणि बांधाबाहेर उभा राहून हात जोडतो. किंवा 'तण काढणारे कोणतेही साधन' लिहा, मग परीक्षक तुमच्यापुढे खुरपं ठेवतो. खाचांची पट्टी, तीत अडकणारी खीळ, खीळ दाबून धरणारी स्प्रिंग, ती मुठीजवळून सोडवणारी तार आणि यांची एकमेकांशी जोडणी पहिल्या दाव्यात, इंच आणि खाचांची संख्या पुढच्या दाव्यांत, असलं किचकट काम करू नका. दहा दावे आणि तीस पानं मूळ फीतच बसतात, म्हणून काय बसवायचीच?

सोबत दशपर्णी अर्क आणि तुरीच्या आंतरपिकाची पद्धतही ठोका. पारंपरिक ज्ञान, शेतीची पद्धत आणि बियाणं यांना पेटंट कायद्याच्या कलम ३ ने आधीच बाहेर बसवलंय. बियाण्याच्या वाणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे.

अर्ज क्रमांक आला की 'पेटंट मिळाले' असा फ्लेक्स चौकात लावा. १८ महिन्यांनी अर्ज नुसता प्रसिद्ध होतो, तेव्हा दुसरा लावा. तपासणी मात्र आपोआप होत नाही. फॉर्म १८ आणि ४,००० रुपये ३१ महिन्यांच्या आत भरावे लागतात. पैसे फ्लेक्समध्ये गेले असतील तर राहू द्या. ईमेल झेरॉक्सवाल्याचा द्या. परीक्षकाच्या आक्षेपांना सहा महिन्यांत उत्तर हवं असतं, आणि झेरॉक्सवाला पासवर्ड विसरलेला असतो.

नागपूरला बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्थाच आहे. तिकडे फिरकू नका, एसटीचं तिकीट वाचेल.

पुढच्या पोळ्याला तोरणाखाली शेजारच्या गावचा डवरा उभा असेल. जवळ जाऊन खाचा मोजा. सात भरतील.