गरोदरपणातलं बीपी आणि 'रक्तातली चरबी': त्या मेसेजचा प्रतिवाद

"तेलकट खाऊन रक्तात चरबी साचते, म्हणून गरोदरपणात बीपी वाढतं. लिपिड प्रोफाइल करा. चरबी जास्त निघाली तर तेल बंद करा, बीपी आपोआप उतरेल. रिपोर्ट नॉर्मल असेल तर काळजी नको, आणि बाळंतपण झालं की विषय संपला." असा मेसेज सगळीकडे फिरतोय.

'चरबी जास्त निघाली तर...' अहो, निघणारच! गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, यकृत जास्त चरबी रक्तात सोडतं. शेवटच्या तिमाहीपर्यंत ट्रायग्लिसराइड्स (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) दुप्पट-तिप्पट होतात, कोलेस्टेरॉलही बरंच चढतं. बाळाच्या वाढीसाठी आणि वारेत (प्लासेंटात) तयार होणाऱ्या हार्मोन्ससाठी ते लागतं. पण लॅबच्या कागदावर ट्रायग्लिसराइड्सच्या शेजारी छापलेली मर्यादा असते '१५० पेक्षा कमी', आणि ती गरोदर नसलेल्यांची. आठव्या महिन्यात २३० आकडा ठळक अक्षरांत आला की घरभर धावपळ सुरू. बीपी मात्र त्या दिवशी कुणी मोजलेलंच नसतं.

'चरबीमुळे बीपी वाढतं.' इथे थोडं तथ्य आहे. प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही परिणाम करणारा आजार) झालेल्या बायकांत ट्रायग्लिसराइड्स इतर गरोदर बायकांपेक्षा जास्त आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण ही सरासरी झाली. एकीच्या रिपोर्टवरून तिचं भाकीत करता येत नाही. शिवाय लठ्ठपणा आणि मधुमेह चरबीही वाढवतात आणि या आजाराचा धोकाही. आजाराचं मूळ बऱ्याचदा वारेत असतं. तिला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत. मग वारेतून अशी प्रथिनं रक्तात येतात की आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. वाढलेली चरबी त्या इजेत भर घालत असेलही, पण सगळं खापर तेलावर फोडता येत नाही.

त्यामुळे तेल बंद करून बीपी उतरत नाही. उलट बाळाच्या मेंदूला लागणारी स्निग्धाम्लं कमी पडू शकतात. ट्रायग्लिसराइड्स हजाराच्या घरात गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तिथे चरबी कमी करावीच लागते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बीपीसाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा ही गरोदरपणात वापरली जाणारी औषधं आहेत. ज्यांना धोका जास्त, त्यांना डॉक्टर साधारण १२ ते १६ आठवड्यांदरम्यान कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात. स्वतःहून यातलं काहीच घेऊ नये.

'रिपोर्ट नॉर्मल, मग काळजी नको' हे वाक्य सगळ्यात घातक. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं, तर लिपिड काहीही असोत, तपासणी हवीच: लघवीतली प्रथिनं, प्लेटलेट्स, यकृत, मूत्रपिंड, बाळाची वाढ. १६०/११० म्हणजे ताबडतोब दवाखाना. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, दम लागणं, अशा वेळी तर रिपोर्टची वाटच पाहू नये.

आणि विषय बाळंतपणाने संपत नाही. या आजारात येणारे झटके (फिट) बाळंतपणानंतरही येऊ शकतात, म्हणून पुढचे काही दिवस बीपी मोजत राहायचं. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. लिपिड प्रोफाइलचा खरा उपयोग इथे आहे: बाळंतपणानंतर काही महिन्यांनी, आकडे मूळ पातळीवर आल्यावर. तेव्हा मात्र ती तपासणी सहसा कुणी सांगत नाही, आणि मेसेजही येत नाही.